हरिहरच्या पायऱ्यांवर

उंचीची भीती मला लहानपणापासून आहे, तरीही आज त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर किल्ल्याच्या त्या प्रसिद्ध पायऱ्या चढलो. सन १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेल्या या किल्ल्याची वाट शेवटच्या टप्प्यात कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांवरून जाते आणि पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हाताची बोटे रोवण्यासाठी खोबणी खोदलेल्या आहेत, ज्या असंख्य हातांनी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. मध्यावर पोहोचल्यावर पोटात गोळा आला, पाय लटपटू लागले आणि पुढे सरकणे अशक्य वाटले. तेवढ्यात डोक्यावर सरबताचा कॅन घेऊन मागून येणाऱ्या एक मावशी सहजपणे म्हणाल्या, "दादा, खाली बघू नका, पुढची खोबण बघा." भीती काही गेली नाही, छाती वरपर्यंत धडधडतच होती, मात्र नजरेला एवढेसे काम मिळाल्याने हात आपोआप पुढची खोबण शोधू लागले. उतरताना कातळाकडे तोंड करून, पायाने चाचपत खाली यावे लागते, आणि माझ्या मते खरी कसोटी तीच आहे. या पायऱ्यांवर एका हातात मोबाइल धरून चढणाऱ्यांच्या धाडसाला मात्र मी धाडस म्हणणार नाही.