तिथीची पाऊणपट

हरिहरेश्वर आमचं कुलदैवत. त्यामुळे तिथे मी कळत नव्हतं तेव्हापासून जातेय. क्रम ठरलेला: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, आणि मग जेवण. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर मात्र लहानपणी नेहमी कुणीतरी हात घट्ट धरून भराभर चालवायचं, त्यामुळे तिथला कातळ नीट पाहिल्याचं आठवतच नाही. तो पाहिला कॅमेरा घेतल्यावर. सूर्यास्ताचा एक चांगला फोटो काढायचा, एवढाच हेतू होता. त्याला दोन फेऱ्या लागल्या.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोंगर चढून पलीकडच्या पायऱ्या दोन कड्यांच्या बेचक्यातून खाली उतरतात आणि एकदम समुद्र समोर येतो. पायाखाली लाटांनी घासून सपाट केलेला काळा कातळ. भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. बाजूला कडा, आणि त्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. दगड दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जाळी मात्र मिठाने पाडलेली. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. एका खळग्यात मी करंगळी घातली तर पहिल्या पेरापर्यंत गेली. बाहेर आली तेव्हा नखात पांढरी पूड. चाखून पाहिली. मीठच.

पहिल्या फेरीला मी पुण्याहून निघाले तीच मुळी शनिवार बघून. ताम्हिणी उतरून, माणगाव, म्हसळा करत पोचायला साडेचार झाले. पिशव्या टाकल्या, ट्रायपॉड खांद्यावर मारला आणि आईला देवळात सोडून धावले. पायऱ्यांच्या तोंडाशी दोन गाववाले बसले होते. एकाने नुसतं खाली बोट दाखवलं. शेवटच्या पायऱ्यांवर पाणी फुटत होतं. भरतीच्या वेळी ही वाट बंद असते हे मला माहीत होतं, तसा फलकही आहे. इथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या गोष्टीही लहानपणापासून ऐकलेल्या. पण भरती नेमकी त्याच वेळी असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. सूर्यास्ताची वेळ मी मोबाइलवर मिनिटापर्यंत पाहून ठेवली होती, आणि समुद्राला विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी पुळणीवर उभं राहून जो फोटो काढला तो आहे अजून. कुठल्याही किनाऱ्याचा असू शकतो.

रात्री जेवताना खाणावळीच्या काकांना रड सांगितली. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघताच म्हणाले, "आज अष्टमी. सहाला पूर्ण भरती. तुम्ही गेलात कशाला?"

मग त्यांनी हिशेब सांगितला, जो कोकणात पोराटोरांना येतो आणि मला चाळिशीपर्यंत येत नव्हता. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो पूर्ण भरतीचा आकडा. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सहा तासांच्या वर थोडे मिळवले की ओहोटी. पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आणि रोज सगळं पाऊण-एक तास पुढे सरकत जातं.

"म्हणजे मला संध्याकाळी ओहोटी हवी तर..."

"पुनवेला या नाहीतर अवसेला. तेव्हा उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि मागेही लांब जातं. अष्टमीला भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही."

गंमत अशी की महाग फिल्टर, लेन्स यांवर मी तासन् तास वाचलं होतं. त्यातलं काहीच या वाक्याइतकं कामाला आलं नाही. (अर्थात ही पाऊणपट अंदाजाची आहे. आता मी त्या त्या जागेचं भरतीचं कोष्टकही बघते, आणि तरी खाली उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारते.)

दुसरी फेरी डिसेंबरच्या शेवटी, पौर्णिमा धरून. आईला रजा वगैरे कारण लागलं नाही, "पौर्णिमेचं दर्शन" म्हटल्यावर ती बॅग भरून तयार. ओहोटी साधारण साडेपाचला, सूर्यास्त सहा वाजून आठ मिनिटांनी. चार वाजता खाली उतरले तर अष्टमीला जिथे लाटा फुटत होत्या तिथून पुढे बराच कातळ उघडा पडला होता. मधे मधे डबकी, आणि कडेकडेला शेवाळ. शेवाळ हिरवं असेल तर निदान दिसतं, काळं शेवाळ दिसत नाही. एकदा चांगली आपटले. कॅमेरा वाचला, कोपर नाही.

आता फोटोचं. सूर्य चौकटीत घेतला की आकाश जळतं नाहीतर कातळ काळा ठिक्कर पडतो. अर्धा काळा, अर्धा पारदर्शक असा फिल्टर लावून पाहिला. मोकळ्या समुद्रावर तो छान चालतो, पण इथे कडा क्षितिजाच्या वर घुसतो, त्यामुळे कड्याचं डोकंही काळवंडलं. मग तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून नंतर जोडायचे ठरवले. पण तिन्हींत लाट वेगळ्या ठिकाणी असते, घरी जोडल्यावर पाण्याची भुतं दिसायला लागली. शेवटी सूर्य चौकटीबाहेरच काढला. डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे कड्याची जी बाजू वायव्येकडे वळलेली आहे तिच्यावरून उजेड घासत जातो. पश्चिमेकडच्या भिंतीवर जाळी सपाट, पिठूळ दिसते. वायव्येच्या भिंतीवर प्रत्येक खळग्याची एक कड सोनेरी आणि पोटात अंधार. हे पावणेसहाच्या सुमाराला दहाएक मिनिटं टिकतं. उजेड अडवणारा गडद फिल्टर लावायचा आणि लाट मागे फिरताना शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं, म्हणजे पाण्याच्या ओढीच्या रेघा येतात.

त्या दहा मिनिटांत मी इतकी गुंतले की एका फोटोत सगळंच हललेलं आलं तेव्हा कुठे खाली पाहिलं. ट्रायपॉडच्या एका पायाभोवती पाणी होतं. ओहोटी केव्हाच संपली होती. उधाणाचं पाणी वर येताना हाक मारत नाही. आणखी एकच, म्हणत आणखी दोन काढले आणि निघाले. पायऱ्या चढेपर्यंत मागे वळले नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. सगळं पाऊण-एक तास पुढे, म्हणजे सूर्य बुडाला तरी पाणी अजून मागेच जात होतं. ही संध्याकाळ खरी आरामाची. सूर्य क्षितिजाच्या आधीच धुरकटात विरघळला, दोनचार जण हळहळले आणि वर गेले. त्यानंतर पंधरा मिनिटांनी ओल्या कातळावर गुलाबी आकाश उतरलं. सहा स्टॉपचा, म्हणजे उजेड चौसष्टाव्या हिश्शावर आणणारा फिल्टर लावून तीस सेकंदांचा फोटो काढला. लेन्सवर तुषारांची खारट साय धरत होती, दर दोन फोटोंनी ओल्या मऊ फडक्याने पुसत होते. कोरडं फडकं वापरलं तर मीठ काचेवर घासलं जातं. खोलीवर आल्यावर आधी ट्रायपॉडचे पाय सोडवून गोड्या पाण्याने धुतले, तरी एका सांध्यातली वाळू अजून करकरते.

जेवताना काकांना मोबाइलवर फोटो दाखवले. तीस सेकंदांचा तो गुलाबी, जो मला सगळ्यात आवडला होता, त्यांनी बराच वेळ पाहिला.

"धुकं कधी पडलं? आज तर नव्हतं."

पाणी आहे म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा काढला. अर्धा सेकंदवाला. हा मात्र बोटांनी मोठा केला, कोपऱ्यात नेला, अजून मोठा केला.

"हा कालचा."

"कसं कळलं?"

"हा दगड बघा, बसका. त्याला पाणी लागायच्या आत माणूस वर पाहिजे. ह्यात लागलंय."

आई सोलकढी वाढत होती. तिचा हात थांबला.