दारफाळणीचा सण आणि दाराबाहेरचा हवालदार

"भारतात तुम्हाला कधी कुणी त्रास दिला नाही ना? मग तुमच्या सिनेगॉगबाहेर पोलीस कशाला?"

हा प्रश्न मला रिक्षावाल्याने विचारलाय, शाळेतल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंनी विचारलाय आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या मुलीनेही. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. दारात लोखंडी बॅरिकेड, बाजूला खुर्ची, खुर्चीवर खाकी वर्दीतला माणूस, आत जायचं तर ओळखपत्र दाखवा, पिशवी उघडा. प्रार्थनेच्या जागेला हे कशासाठी, असं वाटणारच. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रश्नातलं पहिलं वाक्य खरंच आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. जगात ठिकठिकाणी ज्यूंना शेजाऱ्यांनी काय काय नावं ठेवली ते वाचलं की मला या नावाचं मोल कळतं. त्यात आमच्या सुट्टीची दखल आहे, शिवी नाही. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, रोह्याचे ते रोहेकर. आमची आडनावं कोकणातल्या गावांची आणि सणांची नावंही मराठीच. मुंबईला 1937 साली डॉ. एलिजा मोझेस महापौर झाले, ते आमच्यातलेच. वरळीच्या ई. मोझेस रोडवरून रोज लाखो लोक जातात. इथून आमची बहुतेक माणसं इस्राएलला गेली ती आपल्या मर्जीने गेली, कुणी हाकललं म्हणून नाही. 2001 च्या जनगणनेत अख्ख्या देशात आम्ही सगळे ज्यू मिळून 4,650 उरलो होतो.

मग पोलीस कशाला? 26 नोव्हेंबर 2008 मुळे.

त्या दिवसाआधी कुलाब्यातलं नरिमन हाऊस मुंबईकरांनाच काय, आमच्यातल्याही अनेकांना धड ठाऊक नव्हतं. बाजाराजवळच्या गल्लीतली पाच मजली इमारत. तिथे रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्हरिएल होल्झबर्ग आणि त्यांची बायको रिव्का, परदेशातून येणाऱ्या ज्यूंना जेवूखाऊ घालत, शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घरी बोलावत. अतिरेकी समुद्राने आले. एवढ्या अफाट मुंबईत ताजमहाल हॉटेल सापडणं सोपं, सीएसटी स्टेशन सापडणं सोपं. पण त्या गल्लीतली ती इमारत शोधत यायचं तर आधी कुणीतरी पाहून, मोजून, नकाशावर खूण करून ठेवलेली असावी लागते. तशी ती ठेवलीही होती, हे नंतरच्या तपासात निघालं. तिथे सहा जण मारले गेले. रब्बायांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याची आया सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर आणलं. हेलिकॉप्टरमधून गच्चीवर उतरलेल्या कमांडोंपैकी हवालदार गजेंद्र सिंह बिष्ट तिथेच कामी आले. आमच्या सिनेगॉगमध्ये त्यांचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली तेव्हा वरच्या गॅलरीतल्या आम्हा बायकांमध्ये एकीचेही डोळे कोरडे नव्हते.

ज्यूद्वेष या मातीत उगवला नव्हता, तो गलबतातून आला, हे खरं. पण आल्यावर त्याने पत्ता बरोबर शोधला. आमच्या दारात त्यानंतर जो पहारा बसला, तो अजून आहे.

या पहाऱ्याचं काम जवळून कसं चालतं ते सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही. सणांच्या आधी विश्वस्त मंडळ पोलीस ठाण्याला पत्र देतं, अमुक तारखेला अमुक सण, इतकी माणसं येतील. आमचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. एका वर्षी पत्रात फक्त तारीख लिहिली. आदल्या संध्याकाळी प्रार्थना भरली आणि जादा बंदोबस्त उगवला दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हापासून पत्रात 'आदल्या दिवशी सायंकाळी साडेपाचपासून' असं ठळक लिहितो. दुसरी अडचण अशी की दर वर्षी तारीख हलते. एक नवे साहेब त्यावरून वैतागले होते. मी म्हटलं, साहेब, तुमच्या पंचांगात अधिक मास येतो ना, तसा आमच्यातही येतो. त्यांच्या लगेच लक्षात आलं. म्हणाले, म्हणजे तुमचंही चंद्रावरच. म्हटलं, चंद्रावरच.

त्या चंद्रामुळेच आमचा नव्याचा सण, म्हणजे नवं वर्ष, बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या आसपास येतो आणि त्याच्यापासून दहाव्या दिवशी येणारा योम किप्पूर दसऱ्याच्या. 2024 साली दोन्ही एकाच दिवशी होते, 12 ऑक्टोबरला. 2025 सालीही एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला. म्हणजे पोलिसांवर नवरात्राचा, देवीच्या मिरवणुकांचा ताण असतो त्याच दिवसांत आमच्या दारात माणूस लागतो. त्या माणसाचा दसरा आमच्या फाटकाशी जातो.

योम किप्पूरला आमच्या आजीच्या तोंडी 'दारफाळणीचा सण' असं नाव होतं. दारं लावून घ्यायचा सण. त्या दिवशी कोकणात आमची माणसं पांढरे कपडे घालून, घराचं दार बंद करून, कडक उपास धरून आत बसायची. बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, बोलायचं नाही. गावालाही माहीत असायचं की आज शनवार तेल्यांची दारं बंद, आज हाक मारायची नाही. सिनेगॉग नव्हते, सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, नव्हती, प्रार्थना विसरल्या होत्या, तरी हे दार लावणं शेकडो वर्षं विसरलं नाही.

म्हणून 2019 सालची जर्मनीतली बातमी मी वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हाले नावाचं शहर, दिवस योम किप्पूरचा. आत पन्नासेक माणसं प्रार्थनेत. बाहेर एक तरुण बंदुका घेऊन दारावर गोळ्या झाडतोय. दार लाकडी, पण मजबूत होतं, ते उघडलं नाही. आतली सगळी वाचली. रस्त्याने जाणारी एक बाई आणि जवळच्या खाण्याच्या दुकानातला एक तरुण मात्र त्याने मारले. त्या दिवशी त्या दाराबाहेर एकही पोलीस उभा नव्हता. हे त्या देशात, जिथे सरकारने वर्षभर आधीच ज्यूद्वेषाविरुद्धच्या कामासाठी खास आयुक्त नेमला होता, जिथे ज्यूंच्या संहाराला खोटं म्हणणं हा गुन्हा आहे. कायदा होता, अधिकारी होता, त्या सकाळी माणूस नव्हता. नंतर तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी बंदोबस्ताचा पैसा वाढवला. ते गोळ्यांची छिद्रं पडलेलं दार आता सिनेगॉगच्या अंगणात स्मारक म्हणून उभं आहे.

फ्रान्सने 2015 च्या जानेवारीत, पॅरिसच्या कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाद्यपदार्थ विकणाऱ्या, दुकानात चार ज्यू मारले गेल्यावर, थेट लष्कर रस्त्यावर आणलं आणि ज्यू शाळांच्या फाटकांवर सैनिक उभे केले. ब्रिटनमध्ये 2015 पासून सरकार ज्यू शाळा आणि सिनेगॉगांच्या पहारेकऱ्यांसाठी पैसा देतं. 2024 साली तर पुढच्या चार वर्षांसाठी मिळून 7 कोटी पौंडांहून अधिक रकमेची हमी दिली. आपल्याकडे ज्यूद्वेष असा शब्द घेऊन कायदा नाही. धर्माच्या नावाने वैर पसरवण्याविरुद्ध, प्रार्थनास्थळ विटाळण्याविरुद्ध जी कलमं सगळ्यांसाठी आहेत, तीच आमच्यासाठी. मला ते पुरेसं वाटतं. आम्हाला वेगळं कलम नको, आहे ते कलम लागू करणारा माणूस आम्हाला ओळखणारा हवा.

ओळखीचाच मुद्दा आहे खरा. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर मी 'ज्यू' लिहिलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने ते खोडून 'ख्रिश्चन' केलं. मी म्हटलं, आम्ही ख्रिश्चन नाही. तो म्हणाला, मग 'इतर' लिहितो, तसा रकाना नाही. मला राग त्याचा नव्हता. दोन हजार वर्षं इथे राहून 'इतर' व्हायचं, याचं वाईट वाटलं. जून 2016 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा मान्य केला. शाळा चालवण्याचा हक्क, शिष्यवृत्त्या, नोंदणी हे सगळं त्याने सुकर होतं. केंद्राच्या यादीत सहा धर्म आहेत, आम्ही अजून नाही. तुम्ही म्हणाल, दोन-चार हजार लोकांना दर्जा काय करायचा? पण सरकारदरबारी ज्याचं नावच नाही, त्याच्या दारात पोलीस ठेवायचा की नाही हे दर वेळी कुणाच्या तरी मर्जीवर राहतं. मला मर्जी नको, नोंद हवी.

आणि एक गोष्ट पोलिसांच्या हातातली नाही. 2006 साली नवी मुंबईत एकाने हिटलरच्या नावाने खाण्याचं हॉटेल काढलं, भिंतीवर त्याचं चित्र लावलं. आमची माणसं भेटायला गेली, समजावलं, खूप बोलणी झाली, शेवटी नाव बदललं. त्या मालकाला आमचा द्वेष नव्हता, त्याला फक्त नाव लक्षात राहणारं हवं होतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे हे मला फार लागलं. 'शिस्तीचा माणूस' म्हणून हिटलरचं कौतुक करणारी चांगल्या घरची मुलं माझ्या वर्गात बसायची. मी फळ्यावर हिटलरच्या राजवटीत मारलेल्या ज्यूंचा आकडा लिहायचे, 60 लाख, आणि मग आमच्या मुंबई-ठाण्याच्या, पेण-पनवेलच्या सगळ्या ज्यूंची संख्या खाली लिहायचे. वर्ग गप्प व्हायचा. हे काम सरकारने पाठ्यपुस्तकातून करायला हवं. एका शिक्षिकेने मनात आणलं तरच मुलांना कळावं, असं असू नये.

आता 2025 चा दसरा सांगते. आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, उपाशी, सकाळपासून आत. फोन घरी. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, बुटांचे आवाज आले. प्रार्थना म्हणणारे हजान थांबले नाहीत, आम्हीही उठलो नाही. संध्याकाळी शोफार, म्हणजे शिंग, वाजला, उपास सुटला, आम्ही पायऱ्या उतरलो तर फाटकात एकाच्या जागी चौघे. आमचा नेहमीचा हवालदार पुढे आला. साताऱ्याकडचा, तीन वर्षं आमच्या दारात ड्युटी केलेला. हळू आवाजात म्हणाला, "बाई, इंग्लंडात झालंय. तुमच्याच सणाला. तुमची प्रार्थना चालू होती म्हणून आत सांगितलं नाही."

मँचेस्टरचा हीटन पार्क सिनेगॉग. माणसाने फाटकाजवळ गाडी घातली, सुरा घेऊन धावला. आतल्यांनी दारं आतून दाबून धरली. दोन ज्यू गेले, त्यातला एक दार धरून उभा असताना पोलिसांच्याच गोळीने. हल्लेखोराला पोलिसांनी फोन आल्यापासून सात मिनिटांत ठार केलं. हे सगळं आम्हाला घरी गेल्यावर कळलं. हवालदाराला दुपारपासून माहीत होतं. आमचं दार आम्ही लावून घेतलं होतं आणि ती बातमी तो एकटा बाहेर घेऊन उभा होता.

त्याने खिशातून आपट्याची पानं काढली. सकाळी घरून निघताना आणलेली, दिवसभरात सुकून वळलेली. म्हणाला, "सोनं घ्या, बाई." मी ओंजळ पुढे केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याला काय म्हणावं ते सुचलं नाही.

दुसरा दिवस आमचा शिळा सण. आदल्या दिवसाचं वाटायचं, एकमेकांकडे जायचं. मी करंज्यांचा डबा घेऊन सकाळी गेले. खुर्चीवर दुसराच पोरगा होता, विशीतला, वर्दी नवी कोरी. नेहमीच्या हवालदाराची बदली नव्हे, सुट्टी, काल दसरा हुकला म्हणून आज गावी गेलाय असं त्याने सांगितलं. मग डब्याकडे पाहिलं, फलकावरच्या हिब्रू अक्षरांकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, हे नेमकं कसलं मंदिर आहे?"

मी पायरीवर बसले, डबा उघडून त्याच्यापुढे धरला आणि नवगावपासून सुरुवात केली.