इंग्रजी लेखनाचा सराव: कशाचं काय झालं, एका वाक्यात

मंडळी, मागच्या नोंदीत पॅसिव्हचं दळण दळून झालं. पावसाळा लागल्यापासून नवा खेळ चालू आहे. एखाद्या जुन्या जागेचा फोटो घ्यायचा आणि ती आधी काय होती, आता काय आहे, हे एकाच इंग्रजी वाक्यात बसवायचं. दोन वाक्यं करायची नाहीत आणि मध्ये 'अँड नाऊ'चा टेकू लावायचा नाही. या दोन अटी घातल्या की रिलेटिव्ह क्लॉजशिवाय, म्हणजे नामाला 'जो, जी, जे'सारखं चिकटणाऱ्या उपवाक्याशिवाय, सुटका नाही.

सुरुवात लोअर परळपासून केली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, चिमणी तेवढी उभी आहे. मराठीत 'गिरणीचा मॉल झाला' म्हटलं की काम संपलं. दुधाचं दही होतं तसा गिरणीचा मॉल होतो. जुनी वस्तू 'चा' लावून मागे उभी राहते, नवी पुढे येते. इंग्रजीला हा 'चा' माहीत नाही. तिथे आधी ठरवावं लागतं की वाक्याच्या डोक्यावर कोणाला बसवायचं.

'द मिल दॅट बिकेम अ मॉल.'
'द मॉल दॅट वॉज वन्स अ मिल.'

माहिती तीच, पण पहिल्यात आपण गिरणीच्या बाजूने उभे आहोत. पुढचं वाक्य 1982 च्या संपाकडे किंवा कामगारांच्या चाळींकडे सहज वळेल. दुसऱ्यात आपण खरेदीला आलोय आणि मान वर केल्यावर चिमणी दिसलीय. माझा आताचा नियम असा: फोटोत जे दिसतंय ते डोक्यावर, जे दिसत नाही ते क्लॉजमध्ये. आजचा फोटो असेल तर मॉल आधी, जुना असेल तर गिरणी. लिहिताना अर्धी डोकेफोड यानेच वाचते.

स्वल्पविरामाचं प्रकरण आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. गिरणगावात गिरण्या अनेक. त्यातली कुठली, तर मॉल झालेली, असं निवडून दाखवायचं असेल तर 'द मिल दॅट बिकेम अ मॉल', स्वल्पविराम नाही. पण नाव घेतलं की निवड संपली: 'फिनिक्स मिल, विच इज नाऊ अ मॉल, स्टिल हॅज इट्स चिमनी.' इथे विच, आणि दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. दुसरा स्वल्पविराम खाल्ला तर वाक्य लंगडतं.

काळाचा गुंता मला काळा घोड्याच्या संग्रहालयाने सोडवून दिला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय लोकांसाठी उघडलं 1922 मध्ये. 'द बिल्डिंग, विच हॅड सर्व्हड अॅज अ मिलिटरी हॉस्पिटल, ओपन्ड अॅज अ म्युझियम इन 1922.' रुग्णालय संग्रहालयाच्याही आधीचं, म्हणून 'हॅड'. साल हातात असेल तर 'बिकेम'. साल नसेल आणि आजची स्थिती सांगायची असेल तर 'हॅज बिकम', किंवा माझं आवडतं 'विच हॅज सिन्स बिकम'. त्या 'सिन्स'मुळे मधली सगळी वर्षं एका शब्दात गुंडाळली जातात.

याच संग्रहालयाचं नाव 1998 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. पण नाव बदलणं वेगळं आणि वस्तू बदलणं वेगळं. राणीच्या बागेजवळचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम 1872 चं. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आधीही संग्रहालयच होतं, आताही संग्रहालयच आहे. तिथे 'विच बिकेम' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, इमारतीत काहीतरी दुसरंच सुरू झालं. अशा ठिकाणी क्लॉजची काटछाट करून नुसतं 'नाऊ कॉल्ड' किंवा 'नाऊ नोन अॅज' पुरतं. वर्तमानपत्रांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ दिसते. मला ती खटकते.

आता 'व्हॉट'. या महिन्यात सगळ्यात जास्त मजा यानेच आणली. लता मंगेशकरांचा जन्म 1929 चा, इंदूरचा. तेव्हा इंदूर होळकरांच्या संस्थानात होतं, आजचं मध्य प्रदेश राज्य नव्हतंच. म्हणून 'बॉर्न इन इंदोर, इन व्हॉट इज नाऊ मध्य प्रदेश.' या 'व्हॉट'च्या मागे नाम लागत नाही. 'तो प्रदेश, जो' एवढं सगळं त्याच्याच पोटात आहे. पुण्याचं उदाहरण तर आणखी चवदार. गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होतं, आणि 1949 मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण तीच ओळखतो. 'द गव्हर्नर स्पेंट द रेन्स इन व्हॉट इज नाऊ द मेन बिल्डिंग ऑफ द युनिव्हर्सिटी.' गव्हर्नरसाहेब थेट विद्यापीठात मुक्कामाला आल्यासारखे वाटतात, आणि तरी वाक्य शंभर टक्के खरं!

याचाच उलटा भाऊ म्हणजे 'व्हॉट वुड बिकम'. भूतकाळात उभं राहून पुढे बघायचं. 16 एप्रिल 1853 ला ठाण्याची गाडी बोरीबंदरहून सुटली तेव्हा व्हीटीची इमारत कुठे होती? म्हणून 'ऑन द साइट ऑफ व्हॉट वुड बिकम व्हिक्टोरिया टर्मिनस'. भविष्य माहीत असलेल्या निवेदकाचा हा आवाज आहे. एखाद्या परिच्छेदात एकदा आला तर छान वाटतो, तीनदा आला की नाटकी.

'व्हॉट इज नाऊ'चं अनेकवचनही होतं, हे आपल्या गटातल्या एका ताईंनी दाखवलं. द्वैभाषिक मुंबई राज्याची 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली: 'बॉम्बे स्टेट वॉज स्प्लिट इंटू व्हॉट आर नाऊ महाराष्ट्र अँड गुजरात.' पुढे दोन नावं आली, म्हणून 'आर'. 'व्हॉट'कडे बघून 'इज' लिहायचा मोह होतो, पण इथे क्रियापद पुढच्या नावांकडे बघतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र एका छोट्या रचनेवर गेला: 'द सिटी मुंबई हॅज बिकम'. म्हणजे मुंबई आज जे शहर होऊन बसलीय, ते. मराठी कानाला 'बिकम'वर थांबणं अधुरं वाटतं, पुढे काहीतरी हवं असं वाटत राहतं. ते 'काहीतरी' म्हणजे 'सिटी', आणि ते आधीच पुढे जाऊन बसलंय. मध्ये 'दॅट' घातला तर चालतो, नसला तर जास्त बरं. माणसांच्या बाबतीतही तसंच: 'द मॅन ही हॅज बिकम', 'शी इज नॉट द प्लेअर शी वॉज'. माणूस आहे म्हणून 'हू' घालायला हात शिवशिवतो, पण तो आवरायचा. तो कोण झाला हा इथे प्रश्नच नाही. तो कसा, काय झाला, हे सांगायचंय. त्याच कारणाने स्वल्पविरामानंतर माणसालाही बिनधास्त 'विच' लागतो: 'दे कॉल्ड हर अ फायटर, विच शी वॉज.' हे वाक्य मी दोन-तीन दिवस येता-जाता पुटपुटत होतो. 'हू शी वॉज' म्हटलं तर वाक्य मोडतंच.

आणि मग गिरगावात पुन्हा त्या 'चं'शी गाठ पडली. 'गिरगावचं काय झालं?' या मराठी प्रश्नाला दोन उत्तरं देता येतात. एक, चाळींचे टॉवर झाले. दुसरं, माणसं विरार-डोंबिवलीला गेली, जुनी दुकानं बंद पडली. इंग्रजीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'व्हॉट हॅज गिरगाव बिकम?' म्हणजे त्याचं रूप काय झालं. 'व्हॉट हॅज बिकम ऑफ गिरगाव?' म्हणजे त्याची गत काय झाली. मधला 'ऑफ' एवढासा, पण त्याच्याबरोबर काळजी येते, थोडं हळहळणंही येतं. हरवलेल्या मित्राबद्दल 'व्हॉट बिकेम ऑफ हिम' विचारतात. मंत्री झालेल्या मित्राबद्दल कोणी तसं विचारत नाही. फोटोखालच्या ओळीत मी पहिला वापरतो. दुसरा फोटोबरोबर मोठा मजकूर असेल तरच, कारण तो विचारला की उत्तर द्यावं लागतं.

सध्या तीन टप्प्यांच्या जागांवर अडलोय. वॉटसन्स हॉटेलचं जमलं: 'वॉटसन्स हॉटेल, व्हेअर द ल्युमिएर फिल्म्स वेअर शोन ऑन 7 जुलै 1896, इज नाऊ कॉल्ड एस्प्लनेड मॅन्शन.' आजचं नाव मुख्य वाक्यात नेलं आणि एक क्लॉज वाचला. पुण्याचा आगाखान पॅलेस मात्र दाद देत नाही. आधी राजवाडा, मग 1942 ते 1944 गांधीजींची कैद, आता स्मारक. दोन 'विच' एकामागोमाग आले की वाक्य मालगाडीसारखं लांबतं. कोणाकडे एकाच 'विच'मध्ये बसणारं वाक्य असेल तर पाठवा. अट तीच, 'अँड नाऊ' नको.