तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या वाळूतले रेअर अर्थ

मी रसायनशास्त्र शिकवते हे कळलं की रत्नागिरीकडची माणसं हमखास विचारतात, "आपल्या काळ्या वाळूत रेअर अर्थ धातू आहेत म्हणे. मग चीनच्या तोंडाकडे कशाला बघायचं? इथलेच काढूया की!"

मालगुंड, पूर्णगडच्या वाळूतला काळा भाग मुख्यतः इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. सह्याद्रीच्या बेसाल्ट कातळातून झिजून आलेलं. कागदावर चिमूटभर वाळू घेऊन खालून चुंबक फिरवलात तर काही कण लगेच उभे राहतात, ते मॅग्नेटाइट. रेअर अर्थ ज्या मोनाझाइटमध्ये असतात ते ग्रॅनाइट, नाइस अशा जुन्या खडकांतून येतं. म्हणून ते केरळात चवऱ्याला आणि ओडिशात छत्रपूरला सापडतं. बेसाल्टच्या वाळूत त्याचा भरणा नाही. तुमच्या हातातला चुंबक जुन्या इअरफोनमधला असेल, तर निओडिमियम हा रेअर अर्थ धातू त्या वाळूपेक्षा त्यातच जास्त आहे.

पण खणून काढणं हा यातला सोपा भाग. हे धातू एकूण 17, आणि खाणीतून एकत्रच निघतात. बहुतेक सगळ्यांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तीन धनभारांचे. लँथॅनमच्या आयनची त्रिज्या साधारण 103 पिकोमीटर, ल्युटेशियमची 86. मधल्या चौदा पायऱ्यांवर मिळून फरक फक्त 17चा. बांगडे आणि तारल्या कोणीही निवडील, इथे एकाच मापाच्या तारल्या वजनातल्या गुंजभर फरकानं निवडायच्या आहेत. त्यासाठी आम्लातलं द्रावण आणि केरोसिनमधला अर्क पुन्हापुन्हा घुसळून वेगळे करतात, शेकडो टप्प्यांत. ज्याला हे साधलं त्याचा बाजार.

इथे केरोसिनच्या जागी आयनिक द्रव येतात, म्हणजे पातळ राहणारे क्षार. मीठ वितळवायचं तर 801 अंश लागतात, कारण त्याचे आयन एकमेकांत घट्ट बसतात. एक आयन मोठा, वेडावाकडा घेतला की रचना नीट बसत नाही आणि क्षार साध्या तापमानालाही पातळ राहतो. पॉल वाल्डेननं 1914 मध्ये असा एक क्षार नोंदवला, 12 अंशांवर वितळणारा. हे द्रव जवळजवळ उडत नाहीत, केरोसिनसारखे पेटत नाहीत.

मला यांतला सगळ्यात आवडतो तो बीटेनियम बिस-ट्रायफ्लिमाइड नावाचा द्रव. बीटेन कोळंबीत, कालवांत भरपूर असतं. खाऱ्या पाण्याशी तोल राखायला हे जीव ते पेशींत साठवतात, कोळंबीच्या गोडसर चवीत त्याचाही वाटा आहे. या द्रवातलं बीटेन आपला प्रोटॉन धातूच्या ऑक्साइडला देतं, त्यातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं आणि मोकळा झालेला धातूचा आयन बीटेनच्या आम्लगटाला धरून विरघळतो. पाण्याबरोबर हा द्रव 55 अंशांच्या वर एकजीव होतो, खाली आला की दोन थर पडतात. नुसतं तापवून-निववून थर वेगळे करता येतात, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी हा द्रव सीएफएल दिवे आणि ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या पुडीवर वापरला. थोडं पाणी घालून 90 अंशांवर ठेवलं की लाल प्रकाश देणारं यट्रियम-युरोपियम या रेअर अर्थ धातूंचं ऑक्साइड विरघळतं, स्वस्त फॉस्फेटची पूड बहुतांशी तशीच राहते. मग ऑक्झॅलिक आम्ल घातलं की दोन्ही धातू साक्याच्या रूपात खाली बसतात आणि द्रवाला त्याचा प्रोटॉन परत मिळतो, तो पुन्हा वापरायला तयार. साका भाजला की तेच लाल ऑक्साइड. युरोपियम यट्रियमपासून वेगळं करायची गरजच पडत नाही, कारण दिव्याला दोन्ही एकत्रच हवे असतात.

याला सरसकट 'हरित' म्हणायला मात्र माझा विरोध आहे. द्रव महाग आहे. त्यातला फ्लोरिनवाला भाग सहजी कुजत नाही, आणि काही आयनिक द्रव शेवाळाला, जलचरांना विषारी ठरले आहेत. हवेत उडत नाही म्हणजे खाडीत जात नाही असं नव्हे. सांडपाणी खाडीत आलं की काय होतं, हे कालवं काढणाऱ्या बायकांना मी सांगायला नको.

तेव्हा काढूया, पण वाळू उपसून नव्हे. माळ्यावर पडलेले जुने सीएफएल फोडू नका, त्यांत पारा असतो. ग्रामपंचायतीनं ते सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळ्या पेटीत घ्यायला हवेत. एकदा ती पांढरी पूड काचेत-मातीत मिसळून डंपिंगवर गेली, की कितीही चांगला द्रव असला तरी ती गोळा कोण करणार?