डावा हात खिशात

आज नांदेडला जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या नळ्यांचा, गिटार अँप्लिफायर उघडला आणि आत मीटरची टोके लावण्याआधी स्वतःचा डावा हात पँटच्या खिशात घातला.

‘‘काका, प्लग काढलेला आहे,’’ मी घाईने म्हणालो.

‘‘प्लग काढला म्हणून करंट जात नसतोय, बाबा.’’

मीटरवर ३१० व्होल्ट दिसत होते. स्टँडबायवर, म्हणजे व्हॉल्व्ह तापलेले पण आवाज बंद अशा स्थितीत ठेवूनच मी तो बंद केला होता, त्यामुळे व्हॉल्व्हमधून वीज ओसरली नव्हती आणि वीज साठवून ठेवणारे फिल्टर कपॅसिटर भरलेलेच राहिले होते. काकांनी रेझिस्टर लावून आकडा शून्यावर येईपर्यंत वाट पाहिली. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून जातो, म्हणून एक हात खिशात, एवढेच ते बोलले.

अँप्लिफायर घरघरत होता म्हणून एका दुकानाने मला सगळे व्हॉल्व्ह बदलायला सांगितले होते. इथे १०० हर्ट्‌झची ती घरघर फक्त वाळलेल्या कपॅसिटरची निघाली.

घरी परतताना मात्र वेगळेच आठवत राहिले. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी याच अँप्लिफायरचे झाकण काढून आतली धूळ फडक्याने पुसली होती. तेव्हा माझा दुसरा हात कुठे होता?