तीन दिवसांची तपासणी, एकवीस दिवसांची फरफट

नाथसागरातील रोहू आणि कटल्याचे फिले (मधला काटा काढलेले माशाचे लांब काप) व्हॅक्यूम पाकिटांत भरून छत्रपती संभाजीनगरात विकायचे ठरवले, तेव्हा यंत्र, परवाना आणि गिऱ्हाईक हे सारे पैठणला बसून जमले. आम्हाला रडवले ते प्रयोगशाळेच्या नमुना स्वीकारण्याच्या खिडकीने.

मासा पाण्याबाहेर येताच त्याच्या वजनाइतका बर्फाचा चुरा घालणे आणि आतड्यांचा स्पर्श फिल्यांना होऊ न देणे हे आमच्या हातात होते. पाकिटातील हवा काढली की मासा नासवणारे स्यूडोमोनास नावाचे जिवाणू मंदावतात. परंतु त्याच बिनहवेच्या पाकिटात बोट्युलिनमचा जिवाणू विष तयार करू शकतो, आणि माशांत आढळणारा त्याचा एक प्रकार ३ अंशांच्या जरा वरही, कुजका वास न येता, वाढू शकतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुकानाच्या फ्रिजवर तेवढा भरवसा ठेवणे मला वेडेपणाचे वाटले, म्हणून उणे १८ अंशांवर गोठवूनच माल द्यायचा, असे मी ठरवले.

मंगळवारी पाच पाकिटे नेऊन दिली. आठ दिवसांनी मीच फोन केला, तेव्हा कळले की अर्जातील ‘थंड की गोठवलेले’ हा रकाना कोरा राहिल्याने नमुने तपासलेच नव्हते. चूक माझी होती, हे मान्य. पण खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज माझ्यासमोरच तर वाचला होता! दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, नवे नमुने घेऊन गेलो, तर उत्तर मिळाले की नमुन्यातले जिवाणू वाढवायच्या ताटल्या ३० अंशांवर ७२ तास ठेवून मोजाव्या लागतात आणि रविवारी मोजायला कोणी नसते. सोमवार ते बुधवारच नमुने घेतले जातात, ही सूचना खिडकीच्या आतल्या भिंतीवर लावलेली होती. बाहेर उभ्या माणसाला ती दिसणार कशी? थर्माकोलच्या डब्यातील बर्फ वितळत असताना मी आल्या पावली परतलो. सोमवारी नमुने घेतले गेले, गुरुवारी मोजणी झाली, आणि सहीसाठी अहवाल पुढच्या मंगळवारपर्यंत टेबलावर पडून राहिला.

अहवाल उत्तम आला, याचा मला आजही अभिमान आहे. नमुने देणाऱ्याने आधी वार विचारावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. आणखी एक आठवले: गोठवलेले पाकीट बिनहवेचे राहू नये म्हणून वितळवण्यापूर्वी कापावे व फिले फ्रिजमध्येच वितळू द्यावेत, हे आम्ही आता लेबलावरच छापतो.