ग्लासगोच्या पावसातील काचघर

थंड प्रदेशातील काचघर हे ऊब साठवण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात, घरामागच्या लहानशा काचघरात हीटर न लावता भाजीपाला पिकवताना माझे मत मात्र असे झाले आहे की, येथे ऊब हा दुय्यम लाभ असून काचेच्या छपराचे खरे काम पाने कोरडी राखण्याचे आहे. वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मा पाऊस येथे पडतो. परंतु तो चार महिन्यांत कोसळून थांबत नाही, बाराही महिने रिपरिपत राहतो. जुलैमध्येही दुपारचे तापमान सरासरीने २० अंश सेल्सिअसच्या आसपासच असते, त्यामुळे उघड्यावरील टोमॅटोचे पान एकदा भिजले की वाळायला फार वेळ घेते.

अशा ओल्या पानावर उशिरा येणारा करपा पडतो. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या त्याच रोगकारकाने १८४५ पासून आयर्लंडमध्ये आणि १८४६ पासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात बटाट्याचे पीक नासवून उपासमार ओढवली होती, आणि टोमॅटो बटाट्याच्याच कुळातला असल्याने त्यालाही हा रोग सोडत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ पासून करप्याच्या इशाऱ्यासाठी हटन निकष वापरला जातो: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली गेले नाही आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास आर्द्रता ९० टक्के वा अधिक राहिली, तर धोका आहे असे समजावे. ग्लासगोचा उन्हाळा ही अट अगदी सहज पुरी करतो. काचेमुळे बीजाणू पूर्णपणे अडत नाहीत, परंतु कोरड्या पानावर त्यांना रुजण्यापुरते पाणी मिळत नाही, आणि हाच काचघराचा सर्वांत मोठा आधार आहे.

हा आधार टिकवायचा तर काचघर बंद ठेवून चालत नाही. झाडे दिवसभर बाष्प सोडतात, रात्री काच थंड होते आणि पहाटे तेच बाष्प पानांवर दवासारखे साचते. मग करपा टळला तरी करडी बुरशी येते. छपराची झडप आपोआप उघडणारे एक साधे यंत्र येथे पुष्कळ जण बसवतात: त्याच्या नळीतील मेण उष्णतेने प्रसरण पावून दट्ट्या ढकलते, त्यामुळे विजेची गरज लागत नाही. मात्र हे यंत्र तापमान ओळखते, आर्द्रता नाही. ढगाळ, गार, दमट दिवशी, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ते मिटलेलेच राहते. म्हणून पाऊस पडत असला तरी सकाळी दार आणि झडप मी हाताने उघडते, पाणी सकाळीच आणि बुंध्याशीच देते, कुंडीतील मातीला वाफसा, म्हणजे चिखल नसलेली बेताची ओल, आला आहे की नाही हे बोटाने पाहून मगच देते, आणि टोमॅटोच्या बगलफुटी (पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब) व खालची पाने वेळच्या वेळी काढून बुंध्याभोवती हवा खेळती ठेवते. दमट हवेत परागकण चिकटून बसतात, त्यामुळे दुपारी हवा थोडी कोरडी झाल्यावर फुलोऱ्याच्या देठावर हलकेच टिचकी मारणेही आवश्यक असते.

टोमॅटोची रोपे मार्चमध्ये घरातील खिडकीत करून, कडाक्याची थंडी ओसरल्यावर मेच्या उत्तरार्धात काचघरात आणावीत. लहान फळांच्या जाती निवडाव्यात, कारण मोठे फळ पिकण्याआधीच उन्हाळा संपतो. भेंडीचा आग्रह येथे धरू नये. तिला लागणारी ऊब रात्री टिकत नाही.

पालेभाज्यांचे गणित उष्णतेपेक्षा दिवसाच्या लांबीवर अधिक अवलंबून आहे. जूनमध्ये येथे सुमारे साडेसतरा तासांचा दिवस असतो, आणि हवा कितीही गार असली तरी पालक तेवढ्या प्रकाशात चटकन तुऱ्यावर जातो. कोथिंबीरही लवकर फुलावर येते. म्हणून या दोन्हींची पेरणी मी ऑगस्टमध्ये करते. दिवस आखडू लागलेले असतात, माती अजून उबदार असते आणि टोमॅटोच्या कुंड्या हलल्या की जागाही मोकळी होते. मेथी मात्र त्याआधीही, कोवळी असतानाच उपटून घ्यायची म्हणून, दाट पेरता येते. डिसेंबरमध्ये सात तासांचाच दिवस उरतो, वाढ जवळजवळ थांबते आणि काचेवर धरलेले हिरवे शेवाळ उरलासुरला प्रकाशही अडवते. त्यामुळे ऑक्टोबरमध्येच काच आतून-बाहेरून घासून धुणे, हे मी त्या महिन्यातील कोणत्याही पेरणीपेक्षा अधिक महत्त्वाचे मानते.